भिजलेलं रजिस्टर

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेनं सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची रेघ ओलांडली. धोक्याची रेघ ४५ ची. पेपरात बाजारपेठ किती बुडाली, गाड्या किती बुडाल्या, सगळं आलं. सांगलीचं नगर वाचनालय बुडालं तेही आलं. १८६९ सालचं वाचनालय, हजारो पुस्तकांचा लगदा झाला. वाईटच झालं, त्यात वाद नाही. पण आमच्या वस्तीच्या समाजमंदिरातलं लोखंडी कपाट कुणाच्या पंचनाम्यात नव्हतं. आणि गावच्या शाळेतलं चाळीस सालातलं जनरल रजिस्टर बुडालं, हे शाळेलाच चार वर्षांनी कळलं.

पाण्याला जात नसते असं भाषणात सांगणारे लय भेटतात. पाण्याला नसंल, पण चढाला आणि उताराला असते. गावठाण टेकावर, आम्ही ओढ्याच्या तोंडाला. पाणी आधी कुणाच्या चुलीत शिरणार हे सांगायला इंजिनेर लागत नाही.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमला सायडर आहे. नववीत शाळा सुटली. वाचायला लागलो ते ह्या कपाटामुळं. पाणी उतरल्यावर आम्ही चारपाच पोरं कपाट उघडायला गेलो तर दार उघडंना. आत पुस्तकं फुगून एकमेकांत अडकलेली. पहारीनं दार काढलं. सरकारनं छापलेले बाबासाहेबांचे जाडजूड खंड पाव फुगावा तसे फुगलेले. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं तर वीट झाली होती, पान पानाला चिकटलेलं. ती गेलीच.

पोरं म्हणाली, उन्हात घालू. मी नको म्हटलं. गिरणीत राहून एक गोष्ट कळते ती म्हणजे दमटपणा. सूत तुटू नये म्हणून आमच्या खात्यात मुद्दाम ओलसर हवा सोडतात, भिंतीवर काटा लावून मोजतात. ओल किती चांगली, किती वाईट, हे आम्हाला अंगावर कळतं. कडक उन्हात कागद वाकडा होतो. आणि दोन दिवस तसाच गठ्ठ्यात ठेवला तर बुरशी धरतो. म्हणून समाजमंदिरात नायलॉनच्या दोऱ्या बांधल्या, पातळ पुस्तकं त्यावर पालथी टाकली, जाड पुस्तकं उभी करून पानांमध्ये कोरा कागद घातला. तो कागद दिवसातून तीनदा बदलायचा. लाइट आल्यावर चार पंखे लावले. निम्मी पुस्तकं वाचली. एक गंमत सांगतो. सत्तर-ऐंशीच्या सालातले सायक्लोस्टाइलचे अंक होते, कुणी कुणी स्टेन्सिल कापून काढलेले. कागद भिकार, पण अक्षर हललं नाही. सायक्लोस्टाइलची शाई तेलाची, पाण्याला दाद देत नाही. शेजारच्या वहीतल्या निळ्या पेनाच्या कविता मात्र आकाशासारख्या पसरल्या. त्यात माझ्याही होत्या. असो.

पुस्तकं पाण्यात जाणं आपल्याला नवं नाही. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परत आले तेव्हा त्यांच्या पुस्तकांच्या पेट्या वेगळ्या जहाजावर होत्या. महायुद्ध चालू होतं, जहाज पाणबुडीनं बुडवलं. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये हातात आले, त्यावर ते बडोद्याला नोकरीला गेले. तिथं त्यांना राहायला घर मिळालं नाही, ते तुम्हाला माहीत आहे. नंतर त्यांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. पण पुस्तक परत विकत घेता येतं. रजिस्टर एकच असतं, त्याची दुसरी आवृत्ती निघत नाही.

२०२३ साली धाकटी बहीण बारावी सायन्स झाली. नर्सिंगला जायचं तर जात पडताळणी पाहिजे. अनुसूचित जातीला पुरावा मागतात १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, बापाच्या रक्ताच्या नात्यातला. आमचा आजा त्या शाळेत दोन इयत्ता शिकला होता. वर्गाबाहेर बसून शिकला, पण नाव आत रजिस्टरात होतं. मी दाखल्याचा अर्ज दिला. हेडमास्तर म्हणाले, "ते आता कुठलं मिळतंय, पुरात गेलं की."

"गेलं म्हणजे वाहून गेलं का सर?"

"वाहून न्हाई. हाय पोत्यात."

पोतं सोडलं. काळी बुरशी, कुबट वास. आज्याच्या सालाचं पान मिळालं. नावाचा रकाना टाकानं शाईनं लिहिलेला, तिथं नुसता जांभळा डाग. पण कुणीतरी शिसपेन्सिलीनं प्रत्येक नावाखाली जात लिहिली होती. शिसपेन्सिल पाण्यानं जात नाही. नाव धुऊन गेलं आणि खाली "महार" स्वच्छ राहिलं. हेडमास्तर म्हणाले, "हे तुझ्याच आज्याचं कशावरनं?" कायद्यानं त्यांचं बरोबर होतं.

१९५६ ला आज्यानं धम्म घेतला, ती जात टाकली. आणि मी २०२३ ला पोत्यात हात घालून तीच शोधत होतो. आज्जीला सांगितलं तर ती म्हणाली, "तवा पुसाय बगत हुतो, पुसत न्हवती. आता पायजे तर सापडंना." मी यावर कविता करायला बसलो होतो, झाली नाही. तिनं बोलून टाकलं होतं.

त्या वर्षाचं ॲडमिशन गेलं. बहीण माझ्याच गिरणीत वाइंडिंगला लागली. दुसऱ्या साली पुरावा मिळाला. आज्याचा थोरला भाऊ मामाच्या गावी शिकला होता, ते गाव माळावर, तिथं पाणी कधी चढलं नाही. १९४४ सालची नोंद, नावासकट. दक्षता पथकाची चौकशी झाली, प्रमाणपत्र आलं. आता ती नर्सिंगला आहे. वर्ष गेलं ते गेलंच.

गावातल्या जमीनवाल्यांचे सातबारे कधीच कॉम्प्युटरवर चढले. आमची जमीन म्हणजे हे रजिस्टर, आणि ते खालच्या फडताळात. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि तेच मला जास्त टोचतं.

आम्ही चौघं आता सुट्टीच्या दिवशी नदीकाठच्या गावांत फिरतो. फक्त फोटो काढून उपयोग नाही, कमिटीपुढं मोबाइलचा फोटो चालत नाही. म्हणून घराघरात सांगतो की आज्या-पणज्याची नोंद शोधा, पोरगं बारावीला जायची वाट बघू नका, आत्ताच सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि दोन घरांत ठेवा, एक उंचावरच्या. अर्ज आम्ही लिहून देतो. आत्तापर्यंत सात शाळा झाल्या. तीन ठिकाणी चहा मिळाला, एका ठिकाणी "तुम्ही कोण?" असं विचारलं. दोन ठिकाणी रजिस्टर जमिनीवरच होतं. आम्हीच उचलून माळ्यावर ठेवलं, शिपाईदादांनी शिडी धरली.

परवाच्या सुट्टीला आठवी शाळा. सकाळी साडेसातला पाळी सुटते, नऊची एसटी आहे.