रविवारचा पंच

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती. रविवार हा प्रभूचा वार, म्हणून एरिक लिडेल त्या शर्यतीत धावलेच नाहीत. चारशे मीटरमध्ये मात्र त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

पुढे ते चीनमध्ये मिशनरी शिक्षक झाले. महायुद्धात, १९४३ साली, जपान्यांनी त्यांना वेईश्येनच्या छावणीत स्थानबद्ध केले. तेथे आईबापांपासून दुरावलेली पुष्कळ मुले होती. लिडेल त्यांचे खेळ घेत. मोडक्या हॉकीच्या काठ्या चादरी फाडून बांधून देत. छावणीत चादरीही मोलाच्याच! रविवारी मात्र खेळ बंद. कंटाळलेली मुले एकदा आपली आपणच खेळू लागली आणि पंच नसल्यामुळे हातघाईवर आली. त्यानंतरच्या रविवारी पंच म्हणून मैदानात उभे राहिले ते खुद्द लिडेल. ऑलिंपिकसाठी न मोडलेला नेम त्यांनी पोरांच्या भांडणापायी मोडला.

फेब्रुवारी १९४५ मध्ये ते छावणीतच वारले. मुले सुटली ती ऑगस्टमध्ये.