माथा ते पायथा

नगर जिल्ह्याला अवर्षण नवे नाही. 1972च्या दुष्काळात खडी फोडलेले हात आजही आमच्या धर्मग्रामांत जपमाळ ओढताना दिसतात. पाऊस मात्र पूर्वीचा राहिला नाही. महिन्याचे पाणी एका रात्रीत कोसळते आणि जाताना मातीही घेऊन जाते. अशा वेळी ‘देवाची इच्छा’ म्हणून स्वस्थ बसणे मला श्रद्धेचे लक्षण वाटत नाही.

येशूसंघीय फादर हर्मन बाखर 1948 साली स्वित्झर्लंडहून भारतात आले. 2021 साली ते निवर्तले. पाणलोट विकासाचा ध्यास घेतलेल्या या धर्मगुरूने उपदेशाआधी कुदळ पुढे केली. काम माथ्यापासून सुरू होई. आधी डोंगरावर समतल चर, मग उतारावर बांध, ओढ्यावरचा बंधारा सर्वांत शेवटी. त्याआधी गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारायची. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीने हे व्रत पाळले आणि उजाड टेकड्या हिरव्या झाल्या.

चराईबंदी लिहायला सोपी आहे. जिच्या दोन शेळ्या हीच तिची बँक, त्या भूमिहीन बाईला विचारावे! सृष्टीविषयीचा आदर असा कोणाच्या तरी पोटातून जातो. म्हणून तो भार सर्वांनी वाटून घ्यावा. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून उसाला नकार दिला. आमच्या प्रवराकाठच्या कुटुंबांना हे उदाहरण रुचणार नाही, हे मी जाणतो. उसाच्याच पैशावर आपली कित्येक लेकरे शिकली आहेत.