एका कंसापुरतं

आमच्या घरी एक जुना लिनक्स संगणक आहे. त्यावर सांबा बसवलंय, म्हणून त्यातले फोल्डर घरातल्या सगळ्यांना आपापल्या लॅपटॉपवर दिसतात. सांबाचे नियम एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. चौकोनी कंसात फोल्डरचं नाव, खाली त्याचे नियम. माझ्या फाइलीत तीन विभाग : फोटो, पुस्तकं आणि 'हिच्या कॅसेट'. ही गेल्यावर तिच्या गाण्याच्या कॅसेट मी खपून संगणकावर उतरवल्या. तिन्हीकडे 'रीड ओन्ली'पुढे 'यस', म्हणजे बघा, ऐका, पण हात लावू नका.

नातीला फोटो टाकायचे होते. म्हटलं, एका शब्दाचं काम! सेड ही आज्ञा फाइल ओळीओळीने वाचते आणि सांगितलेला बदल करते. मी सांगितलं, 'रीड ओन्ली'च्या ओळीत 'यस'चं 'नो' कर. तिने केलं, तिन्ही ठिकाणी. दोन दिवसांनी कुणीतरी जागा करायला म्हणून कॅसेटचा फोल्डरच उडवला. मुलाकडे प्रत होती, पण शेवटची कॅसेट त्यात नव्हती. तिची फीत तर केव्हाच तुटली आहे.

सेडचा काय दोष? कुठल्या ओळींत, ते मी सांगितलंच नव्हतं. ते सांगता येतं. आधी दोन खुणा द्यायच्या, मध्ये स्वल्पविराम : फोटोच्या कंसापासून, पुढची कंसाने सुरू होणारी ओळ येईपर्यंत. मग बदल तेवढ्यातच होतो. कंसाआधी उलटी तिरपी रेघ हवी, नाहीतर सेड त्याचा वेगळाच अर्थ लावतो. आणि 'आय'च्या पर्यायाला चिकटून एक शेपटी जोडली की जुनी फाइल त्या नावाने शिल्लक राहते. शेवटी 'टेस्टपार्म' चालवून फाइल तपासायची. हे सगळं आता वहीत लिहून ठेवलंय.

लिहिताना सातवीचा एक वर्ग आठवला. कुणीतरी खडू मारला, नाव कुणी सांगेना, म्हणून मी सगळ्या वर्गाला तासभर उभं केलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी तापाने फणफणली होती, ते मला तास संपल्यावर कळलं. तेव्हाही, कुणाला, एवढं मी ठरवलंच नव्हतं.

असो. फोटोंचा फोल्डर उघडा आहे, नातीने कालच चाळीस टाकले. बाकी दोन बंद.