काठावरची पाठवणी

आबांनी पिशवीतून सीडी काढून काउंटरवर ठेवली. "दादा, बाकी समदं झकास चालतंय. पोरगी निघायच्या टायमालाच चित्र थांबतंय बघा."

होती ती डीव्हीडी. पण आमच्या कराडच्या बाजूला तिला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. लग्नाची ती सीडीच. साल २००८, वैशाखातली दुपार. मी ती दुकानातल्या प्लेअरला लावली. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टका, पंगती, सगळं स्वच्छ. पाठवणीला बँडवाल्यानं सूर धरला, पोरगी वडिलांच्या पायाशी वाकली, आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. आवाज तुटला. आबा पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत उभे होते.

मूळ चित्रण माझ्याकडे नव्हतं. मिनीडीव्हीची एक तासाची कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली की १३ जीबी जागा खाते. चार कॅसेटचं लग्न म्हणजे ५० जीबीच्या वर. लगीनसराईत एक लग्न पुसल्याशिवाय दुसऱ्याला जागा होत नसे, आणि कॅसेटही आम्ही पुन्हा वापरायचो. आबांना तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी एसटीनं पुन्हा आले आणि त्याच पिशवीतून पाच सीड्या काढल्या. मामाकडची, आत्याकडची, व्याह्यांकडची. सहा प्रती मी करून दिल्या होत्या. उरलेल्या पाचही ते गावोगाव जाऊन गोळा करून आले होते.

चार प्रती थोड्याफार फरकानं त्याच जागी अडखळल्या. पाचवी शेवटपर्यंत चालली.

प्रत्येक प्रतीच्या मधल्या पारदर्शक कड्यावर मार्करनं आकडा घालायची मला सवय होती, म्हणून उलगडा झाला. एक ते पाच या प्रती नव्या रायटरवर निघाल्या होत्या, १६एक्सच्या वेगानं. सहावीच्या वेळी नव्यावर दुसरं लग्न लावलेलं होतं, म्हणून ती जुन्या रायटरवर टाकली. त्याला ८एक्सच्या पुढे पळताच येत नसे. कोऱ्या सीड्या एकाच डब्यातल्या, फाईल तीच, रात्र तीच. त्या सहाव्या प्रतीवरून मी आबांना सगळ्या प्रती नव्यानं करून दिल्या, जुन्या रायटरवर, एकेक करून, शेजारी बसून. आणि मग या धंद्यात चार वर्षं काढल्यावर पहिल्यांदा विचारलं, की सीडीवर लग्न नेमकं लिहिलं जातं तरी कसं?

लिहिलं जातं आतून बाहेर. मध्यापासून २४ मिलिमीटरवर सुरुवात आणि ५८ मिलिमीटरवर शेवट, मध्ये एकच सलग वाट, गुंडाळी केल्यासारखी. दोन वळशांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन. ही गुंडाळी सोडवून सरळ केली तर जवळपास १२ किलोमीटर भरते. बाहेरचे वळसे मोठे, म्हणून त्यांत माल जास्त मावतो. मी कागदावर हिशेब करून पाहिला, भरलेल्या सीडीवरचं निम्मं लग्न बाहेरच्या साडेतेरा मिलिमीटरच्या पट्ट्यात असतं. हळद मध्याजवळ. पाठवणी काठावर.

आता वेगाचं बघा. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी. १६एक्सला रायटर सीडी एकसारख्या गतीनं गरगरवतो, मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे. चाक एकाच गतीनं फिरत असलं तरी आऱ्याच्या आतल्या टोकापेक्षा धाव जास्त पळते, तसंच इथंही. मध्याजवळ लिहिताना वेग साडेसहा एक्सच असतो, तो वाढत वाढत काठाला पोचेपर्यंत १६ होतो. म्हणजे डब्यावरचा १६ हा आकडा फक्त अगदी शेवटी खरा असतो. आणि तो शेवट म्हणजे सीडीची सगळ्यात नाजूक जागा. लेसर ज्यावर खूण उठवतो तो सेंद्रिय रंग मध्याजवळ ओतून, चकती फिरवून पसरवलेला असतो. त्याचा थर काठाशी सारखा राखणं कारखान्याला सगळ्यात अवघड. ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या डिंकानं जोडून ही सीडी होते, आणि ती जराशी जरी वाकली तरी ते वाकणं काठालाच जास्त दिसतं. जिथं थर बेभरवशाचा तिथंच मी रायटरला सगळ्यात जोरात पळवत होतो, आणि तिथं माझ्या गिऱ्हाइकाची लेक सासरी निघालेली असायची.

बरं, वाचत काय होतं? १६एक्सला पूर्ण सीडी सहा मिनिटांच्या आत निघते, ८एक्सला आठ मिनिटांत. एका प्रतीमागे दोन मिनिटं. ते कळलं त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली, आणि आजही आठवलं की वाटते.

पण नुसता ८एक्स हे उत्तर नव्हे, हे कळायला आणखी एक सीझन गेला. पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीतून आम्ही पन्नास-पन्नासाचे डबे उचलायचो. डब्यावरचं नाव एक असायचं आणि माल भलत्याच कारखान्याचा. आडनाव एक, कूळ दुसरं. आज चांगला निघालेला डबा महिन्यानं त्याच नावानं, त्याच भावानं घेतला तर वेगळाच वागायचा, आणि मी आपला दुकानदाराशी भांडायचो. कूळ सीडीच्या पोटात कोरलेलं असतं. कोऱ्या सीडीवरसुद्धा कारखान्यातूनच एक सांकेतिक नाव उमटवून येतं आणि इम्गबर्नसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम ते दोन सेकंदांत दाखवतो. जपानच्या तैयो युडेनची १६एक्सची डीव्हीडी मायनस आर घातली की टीवायजी ०३ दिसायचं. मित्सुबिशी केमिकलच्या रंगावर बनलेली व्हर्बाटिमची डीव्हीडी प्लस आर असली की एमसीसी ००४. नोएडाच्या मोझर बेअरच्या मालावर सुरुवातीला एमबीआय. हीच ती कंपनी जिनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांत गावोगाव पोचवली; तिच्या कोऱ्या सीड्या तर आमच्या भागात पाण्यासारख्या खपायच्या.

हे नाव माझ्यासाठी नव्हतं, रायटरसाठी होतं. प्रत्येक रायटरच्या फर्मवेअरमध्ये अशा नावांची यादी असते, आणि प्रत्येक नावापुढे त्या रंगाला लेसरचा ठोका किती जोराचा, किती लांबीचा, किती अंतरानं द्यायचा ते लिहिलेलं असतं. सीडी आत गेली की रायटर आधी नाव वाचतो, मग अगदी आतल्या राखीव पट्टीत थोडं लिहून बघतो, लेसरची ताकद ठरवतो आणि मगच कामाला लागतो. नाव यादीत नसेल तर तो अंदाजानं लिहितो. सीडी निघते, प्लेअरवर चालतेही. दोन पावसाळ्यांनी काय होतं ते गिऱ्हाइकाच्या घरी कळतं.

म्हणून सीडी चांगली की वाईट हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कुठल्या रायटरवर, किती वेगाला, हे विचारल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. माझ्याकडचा एक रायटर तैयो युडेनवर मोत्यासारखं लिहायचा, आणि दुसऱ्या एका उत्तम नावाच्या सीडीवर काठाला धडपडायचा. शेजारच्या स्टुडिओत नेमकं उलट. दोघंही आपापल्या अनुभवावर ठाम, दोघंही खरे.

आमच्या आधीच्या पिढीतले लोक सांगायचे, सावकाश लिही, पक्कं बसतं. सीडी नव्या होत्या तेव्हा त्यात तथ्य असेल. मीही एकदा १६एक्सची सीडी ४एक्सवर लिहिली, चौदा मिनिटं वाट बघितली आणि तपासली. ८एक्सपेक्षा वाईट. कारण समजून घेतलं तेव्हा आई आठवली. भाकरी मंद आचेवर टाकली तर ती भाजत नाही, वाळते. १६एक्सचा रंग झटक्यात बसणाऱ्या कडक, आखूड ठोक्यासाठी बनवलेला असतो. हळू लिहिताना उष्णता खुणेच्या बाहेर पसरते, खुणेची कड फिसकटते. सगळ्यात लहान खूण ०.४ मायक्रॉनची, आणि प्लेअर वाचतो ती खुणेची कडच. कड धूसर झाली की सगळं धूसर. पीठ कसं आहे ते बघून आच ठेवावी लागते, आणि तव्याचीही ओळख लागते.

तेव्हापासून मी वही ठेवली. दोनशेपानी, लाल पुठ्ठ्याची. एका रकान्यात रायटर, दुसऱ्यात सीडीचं खरं नाव, तिसऱ्यात वेग, चौथ्यात नीरो या प्रोग्रॅमच्या तपासणीत आलेल्या चुका. चुका प्रत्येक सीडीवर असतात. त्या दुरुस्त करायची सोय डीव्हीडीच्या रचनेतच केलेली आहे. माहितीच्या सलग आठ गठ्ठ्यांत दुरुस्तीच्या आतल्या फेरीच्या चुका २८० च्या आत हव्यात, असं प्रमाण सांगतं. माझी मर्यादा मी त्याच्या बरीच खाली धरली होती, कारण प्रमाण कारखान्यातून निघालेल्या ताज्या सीडीला लागू. माझी सीडी टीव्हीच्या डोक्यावर उन्हात पडणार, तिच्यावर धुळीचा हात फिरणार. नवा डबा आणला की पहिली सीडी तपासणीला बळी. ती ८एक्स, १२एक्स कुठं नीट बसते ते बघायचं आणि वहीत लिहायचं. बहुतेक वेळा ८ आणि १२ यांच्यातच जमायचं. आतलं नाव बदललेलं दिसलं की पुन्हा पहिल्यापासून.

मायनस की प्लस या वादात मी फार पडलो नाही. गावातल्या जुन्या प्लेअरना मायनस आर बरी मानवायची, म्हणून मायनस. वधूवरांच्या फोटोचं कागदी स्टिकर मात्र मी बंद केलं. ते केसभर जरी एका बाजूला चिकटलं तरी सीडी डुगडुगते, आणि डुगडुगणं पुन्हा काठालाच भोवतं. प्रिंटेबल सीडी दोन रुपयांनी महाग पडायची; गिऱ्हाईक कुरकुरलं तरी तीच द्यायचो.

भारनियमनाचं वेगळं सांगायला हवं. किती वाजता दिवे जातील याचा कागद भिंतीला चिकटवलेला असायचा आणि आमची कामं त्या कागदावर चालायची. तिथूनच १६एक्सचा मोह यायचा. साडेअकराला लाईट जाणार, अकरा वाजलेत, चार प्रती राहिल्यात. युपीएस असला तरी तो मशीनला दहा-बारा मिनिटं ओढायचा, म्हणून मी नियम केला, की लाईट जायच्या वीस मिनिटं आधी नवी सीडी आत घालायची नाही. आणि चार-पाच प्रती सलग निघाल्या की ट्रे उघडा टाकून रायटरला निवू द्यायचं. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात तो हाताला चटका देण्याइतका तापायचा, आणि तापलेला लेसर थंड असतानासारखा वागत नाही.

शेवटचा नियम आबांच्या त्या सीडीनं घालून दिला. सीडी काठोकाठ भरायची नाही. ४.७ मध्ये मी ४.२ जीबीच घालायचो. त्यानं कडेचा अडीच मिलिमीटरचा पट्टा कोरा राहतो. लग्न त्यात बसत नसेल तर दोन सीड्या. "दोन कशाला?" असं लोक विचारायचे. मी सांगायचो, पाठवणी आतल्या बाजूला यावी म्हणून. काहींना पटायचं.

तैयो युडेननं २०१५ मध्ये कोऱ्या सीड्या बनवणं थांबवलं. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली. नव्या लॅपटॉपला सीडीची फट नसते, आणि लग्न आता पेनड्राइव्हवर किंवा मोबाइलवर जातं. माझा एक जुना रायटर मात्र अजून टेबलावर आहे. कारण लोक आता उलट्या दिशेनं येतात. घरातला प्लेअर भंगारात गेलेला असतो, आणि कपाटातल्या सीडीतलं लग्न त्यांना बाहेर काढून हवं असतं. मऊ फडक्यानं मध्यापासून काठाकडे सरळ पुसायचं, गोल नाही. एका ड्राइव्हला वाचता आलं नाही तर दुसऱ्यात घालायची. कितीतरी सीड्यांची पाठवणी गेलेली असते. त्या लोकांना तसं सांगताना मला आबांचं ते गप्प उभं राहणं आठवतं.

गेल्या दिवाळीत एक मुलगा आईवडिलांच्या लग्नाची सीडी घेऊन आला. पाकीट कुणा दुसऱ्याच स्टुडिओचं होतं. मी सीडी उलटी करून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. लिहिलेला भाग जरा गडद दिसतो, कोरा उजळ. कडेला अडीच मिलिमीटरचा उजळ पट्टा होता. मधल्या कड्यावर मार्करनं घातलेला आकडा होता, माझ्या अक्षरातला, पुसट दोन.

कॉपी लावली. वाचायला जड जाऊ लागलं की ड्राइव्ह दम टाकल्यासारखा मंदावतो, पुन्हा वेग घेतो, पुन्हा मंदावतो. हा आवाज आता मला पाठीमागूनही ओळखता येतो. मुलगा स्टुलावर बसून मोबाइल बघत होता. ऐंशी टक्के झाले, नव्वद झाले. मी वही काढून त्या सालची पानं उलटत राहिलो. पंच्याण्णव. ड्राइव्हचा आवाज एकसारखा होता.