रक्त म्हातारे होते का?

काही वर्षांपूर्वी, माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एक मावशी सुनेचा हात धरून दवाखान्यात आल्या. वय ७८. त्यांचा ट्रकचालक मुलगा अपघातात गेला होता. वाहनाने पेट घेतल्यामुळे देह ओळखण्यापलीकडे गेला होता. ओळख पटवण्यासाठी पोलिसांनी आईच्या रक्ताचा नमुना मागितला होता. मावशींनी मला विचारले, "डॉक्टर, माझं रक्त आता जुनं झालं. त्यात बीपीच्या, साखरेच्या गोळ्या. त्यातून माझा पोरगा ओळखू येईल का हो?"

वाचकहो, त्यांना दिलेले उत्तर तुमच्याही उपयोगी पडावे, म्हणून येथे सांगतो.

आपल्या बहुतेक पेशींच्या केंद्रकात डीएनए असतो. त्याची रचना पीळ दिलेल्या शिडीसारखी असते. प्रत्येक पायरी दोन घटकांच्या जोडीची: ॲडेनिनची जोडी थायमिनशी, ग्वानिनची सायटोसिनशी. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली ही रचना मांडली. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रणाचा तिला मोठा आधार होता. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी शिडी मधोमध उकलते आणि प्रत्येक अर्ध्या भागावर नेमके जोडीदार बसून दोन सारख्या शिड्या तयार होतात. नकलेतील बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. वयानुसार काही चुका साचतात, हे खरे. पण ओळखीसाठी पाहिल्या जाणाऱ्या खुणा त्यामुळे पुसल्या जात नाहीत. रोजच्या गोळ्यांनीही नाही.

या खुणा कोणत्या? डीएनएत काही ठिकाणी लहानसा क्रम पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो, हे माणसागणिक बदलते. अशा अनेक जागा एकत्र पाहिल्या की ओळख ठरते. लेस्टरच्या ॲलेक जेफ्रीज यांना १९८४ साली या तत्त्वाचा शोध लागला; भारतात हैदराबादच्या लालजी सिंह यांनी हे तंत्र रुजवले. प्रत्येक जागेवरील दोन खुणांपैकी एक आईकडून येते, एक वडिलांकडून. म्हणून आईचे रक्त मुलाची साक्ष देऊ शकते. जळालेल्या देहातही दाताच्या आत किंवा हाडात डीएनए अनेकदा टिकून असतो.

घरातील ज्येष्ठांकडे असा नमुना मागितला गेला, तर त्यांना धीर द्या. उपाशी राहण्याची गरज नाही. रक्ताऐवजी गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुनाही चालतो. मात्र अलीकडे रक्त चढवले असेल किंवा कधी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले असेल, तर ते आवर्जून सांगा. कारण प्रत्यारोपणानंतर रक्तात दात्याचा डीएनए आढळतो.

काही आठवड्यांनी मावशी पुन्हा आल्या. नमुने जुळले होते. डोळे पुसत म्हणाल्या, "आता त्याचे दिवस तरी करता येतील." मी त्यांचा रक्तदाब मोजला आणि बराच वेळ त्यांच्यापाशी बसून राहिलो.