वाय-फायसुद्धा जातं

ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट वीज घेता येते. त्याहून जास्त लागली, तर एसएमपीएसमधून वेगळी केबल ओढावी लागते. चिपळूणला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या कॉम्प्युटरमध्ये आधी जीटी १०३० होतं. त्याचं ३० वॉटमध्ये भागायचं, त्यामुळे वेगळ्या केबलशी तिचा कधी संबंधच आला नव्हता. त्याच्या जागी तिने आरटीएक्स ३०६० बसवलं: १७० वॉट, आठ पिनची केबल, आणि १२ जीबी मेमरी. या मेमरीसाठीच तर सगळा खटाटोप होता. ती ब्लेंडरवर घरांची आणि वाड्यांची थ्रीडी दृश्यं करते. जुन्या कार्डाच्या २ जीबीत मोठं दृश्य मावतच नसे.

कार्ड सेकंडहँड होतं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं. सेकंडहँड ३०६० म्हटलं की पहिला संशय मायनिंगचा येतो. हे मॉडेल २०२१च्या फेब्रुवारीत आलं, तेव्हा इथेरियम काढणाऱ्यांनी बाजारातली कार्डं उचलली होती. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमची पद्धतच बदलली, ग्राफिक्स कार्डांवर ते काढणं बंद झालं आणि वर्ष-दीड वर्ष अहोरात्र राबलेली कार्डं विकायला आली. दुकानदाराने दिलेली टेस्टिंग वॉरंटी थोड्याच दिवसांची होती. त्यामुळे कार्डात काही खोट असेल तर ती लवकर कळायला हवी होती.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच राहिली. तिच्या रायझन ५ ३६०० या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड बोललं नाही तर काहीच दिसणार नाही. मदरबोर्डच्या कडेला चार बारीक दिवे असतात. त्यांतला ‘व्हीजीए’ लिहिलेला पेटून राहिला होता. व्हिडिओ कॉलवर तिने कॅबिनेट दाखवलं, तेव्हा कार्डाची मागची बाजू स्लॉटमधून किंचित वर उचललेली दिसली. आधी स्क्रू आवळल्यामुळे पत्र्याने कार्ड एका बाजूला ओढून धरलं होतं. स्क्रू सैल करून, स्लॉटची खिट्टी ‘टक’ करून बसेपर्यंत तिने कार्ड दाबलं आणि डिस्प्ले आला. सेफ मोडमध्ये डीडीयूने जुना ड्रायव्हर काढून नवा टाकला, तोही नीट बसला.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. इंटरनेट, व्हिडिओ, मॉडेलिंग सगळं सुरळीत चाले, पण रेंडर लावला की कॉम्प्युटर बंद पडे. दुपारी निम्मा रेंडर तरी व्हायचा, संध्याकाळी लावला की जवळजवळ लगेच जायचं. तिने जुनं कार्ड परत बसवून पाहिलं, तर सगळं ठीक. गावातल्या एका दुकानात कार्ड गेलंय असं सांगितलं, दुसऱ्यात साडेपाचशेचा एसएमपीएस काढून साडेसातशेचा टाका म्हणाले. खरं तर ५५० वॉटचा एसएमपीएस या कार्डासाठी कंपनीनेच पुरेसा म्हटलेला आहे.

जुन्या कार्डावर नीट चालतं म्हणजे नवं कार्ड खराब, हा निष्कर्ष पटकन पटतो. पण नवं कार्ड काढताना त्याच्याबरोबर १४० वॉटचा भारही निघून जातो. म्हणजे एका वेळी दोन गोष्टी बदललेल्या असतात, आणि फरक नेमका कशामुळे पडला हे त्या चाचणीतून कळत नाही.

म्हणून मी तिला आधी लक्षणं नीट सांगायला लावलं. कार्डाची मेमरी बिघडली असेल तर पडद्यावर रंगीत ठिपके, पट्टे दिसतात. कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही तर विंडोज साधारण दोन सेकंद वाट पाहून ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. तिच्याकडे ठिपके नव्हते आणि ४१०१ही नव्हता. होती ती फक्त ‘कर्नेल-पॉवर ४१’, आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य. याचा अर्थ विंडोज कोसळलं नव्हतं, चालत्या कॉम्प्युटरची वीजच गेली होती.

मग वीज गेली कुठून? ती मला समोर रेंडर लावून दाखवायची आणि नेमक्या त्या क्षणी कॉल तुटायचा. कॉल मोबाइलवर होता, कॉम्प्युटरवर नव्हे. मी विचारलं तर ती सहज म्हणाली, “अरे मामा, तेव्हा वाय-फायसुद्धा जातं.”

मी तिला मॉनिटरचा दिवा बघायला सांगितलं. एसएमपीएसने हात टेकले असते तर मॉनिटर चालूच राहिला असता आणि त्यावर ‘नो सिग्नल’ आलं असतं. इथे मॉनिटरचा दिवाही विझत होता. छताचा पंखा मात्र फिरत होता. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि राउटर तिन्ही एकत्र जोडलेले होते ते टेबलाखालच्या यूपीएसला. तो पावसाळ्यात दिवसभर टुंग टुंग करतो, म्हणून त्याच्या आवाजाकडे घरात कुणी लक्ष देत नव्हतं.

त्या यूपीएसवर मोठ्या अक्षरांत ६०० व्हीए असं छापलेलं आहे. मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत ३६० वॉट. घरगुती यूपीएसमध्ये हे गुणोत्तर बहुधा असंच असतं, आणि भार मोजायचा तो या दुसऱ्या आकड्याशी. मग बेरीज केली. कार्ड १७०. ब्लेंडरमध्ये कार्डाबरोबर प्रोसेसरवरही टिक केलेली होती, त्याचे पूर्ण जोरात ८८. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून चाळीसेक. हे झाले तीनशेच्या आसपास. एसएमपीएसमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, ती धरली की भिंतीकडून साडेतीनशे. वर मॉनिटर आणि राउटर. तीनशे साठची रेघ ओलांडली जात होती. संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरतं, यूपीएस बॅटरीवर जातो आणि एवढा भार पाहून लगेच हात वर करतो. लाइट चालू असताना तो थोडा जास्त भार काही वेळ सोसत असे; दुपारचा निम्मा रेंडर त्यामुळेच होत होता.

खात्रीसाठी एकच गोष्ट बदलली. कॉम्प्युटरची वायर यूपीएसमधून काढून भिंतीवरच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावली, बाकी सगळं जिथल्या तिथे. ब्लेंडरचं ‘क्लासरूम’ हे सर्रास वापरलं जाणारं चाचणीदृश्य पूर्ण झालं, मग तिचं स्वतःचं वाड्याचं दृश्यही, आणि तेही संध्याकाळी. कार्डाचं तापमान सत्तरच्या आसपास स्थिर होतं. टेस्टिंग वॉरंटीत परत करायला निघालेलं कार्ड धडधाकट निघालं.

पावसाळ्यात कोकणात यूपीएसशिवाय काम करणं शक्य नाही. नवा येईपर्यंत तिने आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणली, म्हणजे १२० वॉटच्या आत, आणि प्रोसेसरवरची टिक काढली. रेंडरला थोडा जास्त वेळ लागू लागला, पण तो पूर्ण होऊ लागला. नंतर ११०० व्हीएचा, ६६० वॉटचा यूपीएस आला.

ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर किती वॉटचा एसएमपीएस लागेल हे ठळक लिहिलेलं असतं. यूपीएसच्या खोक्यावर वॉट तितकेच ठळक छापायला हवेत असं मला फार वाटतं. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक डेस्कटॉप यूपीएसवरून चालतो, आणि कार्ड बदलताना दुकानात एसएमपीएसबद्दल विचारतात, यूपीएसबद्दल नाही. एवढ्या एका आकड्यापायी चांगली कार्डं परत जातात, चांगले एसएमपीएस बदलले जातात. भाचीने तरी आता आपल्या दोन्ही यूपीएसवर मार्करने वॉट लिहून ठेवलेत. जुना ३६० वॉटचा आता फक्त राउटर सांभाळतो.