‘सीनियर’ कोणास म्हणावें?

कांहीं परकीय शब्द आपल्या बोलण्यांत इतके रुळले आहेत, कीं त्यांचा अर्थ विचारण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. ‘सीनियर’ हा त्यांपैकींच एक. जळगांव जामोद येथील आमच्या एकाच घरांत त्याचे तीन अर्थ नांदत आहेत. आजोबा साठीनंतर कायद्यानें ‘सीनियर सिटिझन’, म्हणजे ज्येष्ठ नागरिक झाले. पासष्टी ओलांडल्यावर खामगांवच्या एसटींत त्यांस अर्धें भाडें पडूं लागलें. वडील कचेरींत ज्यांना सीनियर म्हणतात, ते गृहस्थ त्यांच्याहून सात वर्षांनीं लहान आहेत. कारण तेथें वय नव्हे, हुद्दा पाहतात. आणि मी दहावींत आहें, एवढ्यावरच पांचवीच्या मुलांचा सीनियर!

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ साधा आहे: ‘अधिक वयाचा’. त्याच मुळापासून फ्रेंच भाषेच्या वाटेनें ‘सर’ हा शब्द आला. म्हणजे गुरुजींस ‘सर’ म्हणतांना आपण नकळत त्यांस ‘वडील’च म्हणत असतों. आपल्याकडेहि तसेंच आहे. पाणिनीच्या व्याकरणांत ‘ज्येष्ठ’ हें रूप ‘वृद्ध’ व ‘प्रशस्य’ या दोन्ही शब्दांचें आहे. आणि मराठींतील ‘थोर’ व ‘थोरला’ हे तर सख्खे भाऊच.

परंतु वय आणि पद यांचा विरोध आला तर? पेशवाईंत तो आला. १७६१ मध्यें माधवराव सोळाव्या वर्षीं पेशवे झाले. चुलते राघोबादादा त्यांच्याहून सुमारें अकरा वर्षांनीं वडील. मान वयाचा कीं पदाचा, या कलहांत घरच्याच फौजा एकमेकींवर चालून गेल्या. १७६२ मध्यें आळेगांव येथें, राज्य फुटूं नये म्हणून, माधवराव स्वतः चुलत्यांस शरण गेले; १७६८ मध्यें धोडपच्या लढाईनंतर मात्र त्यांनीं दादांस शनिवारवाड्यांत कैदेंत ठेविलें. १७७२ मध्यें सत्ताविसाव्या वर्षीं ते निवर्तले. सवाई माधवरावांहून वेगळे ओळखावेत म्हणून त्यांस ‘थोरले’ म्हणतात, हें खरें. पण तें विशेषण ऐकतांना त्यांचें वय कोणास आठवतें?

वडिलांचे ते सीनियर दर दसऱ्यास सोनें देण्यास आमचे घरीं येतात व वडिलांस वांकून नमस्कार करितात. पुढें कचेरी उघडली, कीं ते आंत येतांच वडील उठून उभे राहतात. याचें मला नवल वाटे. एकदां मीं विचारिलें, तेव्हां वडील म्हणाले, “बाळ, तेथें मान खुर्चीला, येथें वयाला. मान दिल्यानें कोणी लहान होत नाहीं.”

विद्यार्थिमित्रहो, नळावरून लहान मुलांस मागें लोटून ‘मी सीनियर आहें’ म्हणणारे आपल्यांत कमी नाहींत. चार वर्षें आधीं जन्मास येण्यांत आपला पराक्रम कोणता? लहानास आधीं पाणी पिऊं द्यावें, मग आपण प्यावें. तो आपण होऊनच ‘दादा’ म्हणेल.